दातरीच्या पोटातले दाणे

तळोदा,
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

प्रिय गजरा हिस,
फाल्गुनीभाभीचे आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आमच्याकडे टपालाने हल्ली बँकेची पाकिटं येतात नाहीतर मंदिराच्या कार्यक्रमाच्या पत्रिका, म्हणून पोस्टमनने हाक मारली तेव्हा सासूबाईंचं काही असेल असं समजून मी ते घेतलं. मागे बघते तर तुझं नाव आणि धुळ्याच्या होस्टेलचा पत्ता. किती सुरेख अक्षर आहे ग तुझं! तुझी आई सगळ्यांना सांगायची, "मन्ही गजरानं अक्षर छापेल सारखं शे." मला वाटायचं, आईच ती, सांगणारच.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून गेलेली नाही, सकाळी शिवायला बसलं की बोटं वळत नाहीत. बेबीबाईचा गुडघा पुन्हा धरलाय. ती रनाळ्याला माहेरी जाऊन कसला तरी पाला बांधून आली आणि आता सगळ्या कारखान्यात त्याचा वास. सासूबाई, म्हणजे उमरावबाई, तुझी चौकशी करतात. तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा कधी ते कळव. मेसचं जेवण बरं आहे का? मागच्या वेळी फार वाळलेली दिसलीस. अर्थात ती वेळच तशी होती.

तू लिहिलंयस, "माझ्या आईला पाड्याने हाकललं तेव्हा तुम्ही जवळ घेतलं. शेवटचे अठरा दिवस तिला छप्पर दिलं. हे मी जन्मात विसरणार नाही, भाभी." आणि पुढे, केसमध्ये साक्षीदार म्हणून माझं नाव देऊ का, असं विचारलंयस. आईच्या हातचं एक खेळणं आठवण म्हणून हवं, असंही.

हे पत्र मी चार दिवसांत किती वेळा उघडलं आणि किती वेळा घडी घालून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, सांगता येत नाही. भाभीने सरळ फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी खोटं फार सफाईने बोलते, गजरा. कागदावर तेवढं जमत नाही.

पण सुरुवातीपासून लिहिते. तू आश्रमशाळेत आणि नंतर धुळ्याला, त्यामुळे आईचं आमच्याकडचं आयुष्य तुला तिच्या तोंडूनच माहीत आहे, आणि ती स्वतःबद्दल फार कमी सांगायची.

मी सुरतेला कपड्यांच्या डिझाइनचं शिकले आणि लग्न होऊन तळोद्याला आले. इथे सासऱ्यांचं, पन्नालालजींचं, कापड दुकान. कटपीस आणि चिंध्यांचा ढीग मागच्या गोदामात पडलेला असायचा. त्यातून मी खेळणी शिवायला लागले. पहिला ससा शिवला तेव्हा दुसऱ्या कानाला कापड पुरलं नाही. तसाच दीड कानाचा फोटो मोबाइलवर टाकला, तर बंगळुरूच्या एका बाईने तोच मागितला. मग मी मुद्दामच तशी करायला लागले. तीन पायांचा बोकड, तोंड फिरवून बसलेलं घुबड, एक डोळा मोठा अन् एक बारीक असलेली मांजर. नाव ठेवलं ‘अर्धवट’. आमचे हे, अभिनंदन, म्हणाले, "असल्या लंगड्या बाहुल्या कोण घेणार?" पण घेणारे घेत होते. पुण्या-मुंबईचे घेत होते, परदेशातले घेत होते.

तुझी आई एका मंगळवारी लुगडं घ्यायला दुकानात आली होती. काउंटरवर तो बोकड ठेवलेला. तिने तो उचलला, उलटा केला, पोटाची शिवण बघितली आणि इतकी हसली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग पदराच्या टोकात खोचलेली सुई काढून तिने माझी उसवलेली शिवण तिथेच उभ्या उभ्या घातली. तसा बारीक टाका मी सुरतेलासुद्धा पाहिला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मी तिला कामाला बोलावलं. घरी ती तुमची भिली बोलायची, आमच्याशी बाजारातली अहिराणी. आठवड्यातले चार दिवस इथे राहायची, बाकीचे दिवस काम घेऊन नवलच्या जीपने वर पाड्यावर जायची.

‘दातरी’ तिचीच. सगळे विचारतात ही कल्पना कुणाची, आणि मी आजवर "आमची" असं उत्तर देत आले. ती होती तुझ्या आईची, कमलीबाईची. तिच्या लहानपणी आजी सांगायची म्हणे, की धान्याच्या कणगीमागे एक दातरी म्हातारी बसलेली असते, ती चोराला आणि तापाला घरात येऊ देत नाही. मी कागदावर काढलं, तिने शिवलं. पांढऱ्या नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचे, नऊ दात, काळ्या लोकरीचे मोकळे केस, एक डोळा शर्टाच्या बटणाचा आणि एक कोटाच्या. बघताना दचकायला होतं आणि मग हसू येतं. आमच्या सगळ्या मालात दातरी सर्वात जास्त गेली. परगावच्या आया फोटो पाठवायच्या, अंधाराला भिणारं पोर दातरीला कवटाळून झोपलेलं.

आणि तिच्या पोटात तुझी आई दाणे टाकायची. ज्वारीचे दोन-तीनच. कापूस भरून झाला की शेवटचा टाका घालायच्या आधी चिमटीने आत सोडायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, हे काय? म्हणाली, "भाभी, किती लांब जाई ऱ्हायनी ती. वाटमा भूक लागनी तं?" वाटेत भूक लागली तर! मला इतकं गोड वाटलं की मी त्या दिवशी घरी सगळ्यांना सांगितलं.

गोड वाटलं ते गेल्या ऑक्टोबरपर्यंत. परदेशातून एका गिऱ्हाइकाचा फोटो आला. दातरीचं पोट कापलेलं आणि कापसात किडे. मी सगळ्या बायकांसमोर तुझ्या आईला बोलले. पुन्हा असं केलंस तर काम बंद, म्हणाले. तिने मान हलवली. आणि टाकतच राहिली. मला माहीत होतं. पोट अंगठ्याने दाबलं की कळतं. मी दाबायची, कळायचं, आणि गप्प बसायची, कारण तिच्यासारखे दात दुसरं कुणी शिवत नव्हतं. हे नीट लक्षात ठेव, गजरा. दाणे आहेत हे मला माहीत होतं.

दिवाळीनंतर ती वीस दातऱ्यांचं पोतं घेऊन वर गेली. दात लावायचे राहिले होते. त्याच आठवड्यात तुझ्या काकाच्या, डोंगरसिंगच्या, नातवाला ताप आला आणि पोर गेलं. पुढचं तू फिर्यादीत लिहून दिलंच आहेस. बाहेरगावचा भगत आणला, आईवर डाकीण असल्याचा आळ घेतला, तुमच्या झोपडीतलं पोतं बाहेर काढलं, आणि ओढ्याकाठच्या ज्या शेतासाठी डोंगरसिंग तुझे वडील गेल्यापासून आईच्या मागे लागला होता, त्याचा कुणी उच्चारही केला नाही. पाड्यावरची सगळी माणसं त्यात नव्हती, हेही तू लिहिलंस. गजराबाई, जिच्यावरून तुझं नाव ठेवलं ती तुझी आत्या, मध्ये पडली आणि तिचा हात मोडला. तिला माझा नमस्कार सांग.

तो सोमवार होता, ११ नोव्हेंबर. त्या दिवशी आमच्याकडे पुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या बाई माल बघायला आल्या होत्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

मंगळवारी सकाळी मी कारखाना उघडायला गेले तर आई पायरीवर बसलेली. डोक्याला फडकं बांधलेलं, ते रक्ताने कडक झालेलं. किती वाट तुडवून आली होती कुणास ठाऊक. नवलची जीप त्या दिवशी खाली आलीच नव्हती. मी म्हटलं, "कमलीबाई, काय व्हयनं?" तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दगडवर पडनू."

मी तिला दवाखान्यात नेलं, टाके घातले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की डोक्याला मार आहे, नंदुरबारला नेऊन फोटो काढून घ्या. ती नको म्हणाली. मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. तू नर्स होणार आहेस, तुला कळतं मी तिसऱ्यांदा करायला हवा होता. पण तिथे विचारलं असतं, कसं लागलं, कुणी मारलं, आणि एकेक करून गोष्टी माझ्यापर्यंत आल्या असत्या. तुला कळवायला निघाले तर तिने हात धरला. "गजराले सांगू नको. तिन्ही परीक्षा शे." हे मात्र तिचंच म्हणणं होतं, मी बनवलेलं नाही.

मग ती अठरा दिवस गोदामाच्या खोलीत राहिली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "सुई दे. बठीसन काय करू?" खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसून ती शिवत होती. जेवायला वाढलं तर जेवायची. विचारलं तर उत्तर द्यायची. पाड्यावर काय झालं ते बेबीबाईला तिने थोडंथोडं सांगितलं, मला एक अक्षर नाही. आणि माझ्याकडे बघायची. रागाने नाही ग. राग असता तर बरं झालं असतं. एखादी गोष्ट नीट ऐकू आली नसली की आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो ना, तसं.

एकोणतीस तारखेला दुपारी सुई तिच्या हातातून पडली आणि तिला ती उचलता येईना. नंदुरबारला नेईपर्यंत शुद्ध गेली. तू धुळ्याहून पोचलीस तेव्हा ती होती, तेवढंच.

त्या अठरा दिवसांत तिने एकतीस दातऱ्या शिवल्या. मी एकही विकलेली नाही. तुला त्यातली कुठली हवी ती तू निवड. कुरियरने पाठवायचं माझ्याने होत नाही. पुढच्या आठवड्यात बेबीबाईचा भाचा नवनीत धुळ्याला बाजार समितीत जाणार आहे, त्याच्यासोबत बेबीबाई येईल आणि सगळं पोतं तुझ्यासमोर ठेवेल. पण घेण्याआधी हे माहीत असू दे. मी त्या एकतीसच्या एकतीस दाबून पाहिल्या. एकीतही दाणा नाही.

ती गेल्यावर ते मला कळलं. पहिली दाबली, वाटलं विसरली असेल. मग पोतं जमिनीवर ओतलं आणि एकेक दाबत गेले. माझ्या शेजारी उभं राहून बेबीबाई म्हणाली, "ह्या उपाशी शेतस, भाभी." तिला काही माहीत नव्हतं, ती सहज बोलली. 

तेव्हापासून मला कारखान्यात बसवत नाही. भर दुपारी, पत्र्यावर ऊन पडलेलं असताना, बायका जेवायला गेलेल्या असतात आणि मला खिडकीपाशी कुणीतरी दोरा दाताने तोडल्याचा आवाज येतो. एकदा नाही, अनेकदा. मान वर केली की काही नाही. एकदा मात्र होती. पाठमोरी, वाकलेली, डोक्याला फडकं. मी हाकसुद्धा मारली. ती वळेल या भीतीने लगेच बाहेर गेले. नवीन आलेल्या मुली त्या जागेवर बसत नाहीत. मी त्यांना कधी काही सांगितलेलं नाही. बेबीबाई चहा वाटताना एक कप तिथे ठेवते आणि गार झाला की मोरीत ओतते. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

दुसऱ्यांनी शिवलेल्या दातऱ्या उचलल्या तर त्यांच्या पोटात दाणे वाजतात असं वाटतं. अकरा नग मी कापून पाहिले. नुसता कापूस. अभिनंदननी ते कापलेले नग पाहिले आणि मला डॉक्टरकडे नेलं. झोपेच्या गोळ्या चालू आहेत. झोप लागते. त्रास झोपेत नाहीच, जागेपणी आहे.

आता त्या सोमवारचं लिहिते. एवढा वेळ तेच टाळत होते.

सकाळचे अकरा वाजले होते. पुण्याच्या बाई माझ्यासमोर बसलेल्या. त्यांच्या हातात दातरी होती. त्या तिचं पोट दाबत म्हणाल्या, "आत काहीतरी टोचतंय का हो?" मी हसून म्हटलं, "शिवणीची गाठ असेल." त्यांना किड्यांची तक्रार कुठून तरी कळली होती, त्या तेच तपासायला आल्या होत्या, हे मला दिसत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तुझ्या आईचा नंबर. मी उचलला, तर बोलणारा डोंगरसिंग.

म्हणाला, "भाभी, तुमना बाहुलीना पोटमा दाना कसाले?" तुमच्या बाहुलीच्या पोटात दाणे कशाला. मागे खूप माणसं होती. कुणी बाई रडत होती. कुणीतरी ओरडून म्हणालं, स्पीकर लाव, सगळ्यांना ऐकू दे.

मला काय चाललंय ते कळलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मी इथे बारा वर्षं राहते. बाहुल्या, दाणे आणि जमलेली माणसं, याचा अर्थ काय होतो ते मला कळलं होतं. पण समोर त्या बाई बसल्या होत्या, कान देऊन. आणि मी म्हटलं,

"आमच्या बाहुल्यांत दाणे नसतात. ते आमचं नाही. तिने काय टाकलं ते तिलाच विचारा."

एवढंच बोलले. स्वच्छ मराठीत, दुकानातल्या आवाजात. आणि मी फोन ठेवायच्या आत मागून तुझ्या आईचा आवाज आला. "भाभी! सांग ना त्यासले! भाभी, सांग ना!"

मी फोन ठेवला.

पुण्याच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एक कामवाली आहे. त्यांनी चहा घेतला आणि चारशे नगांची ऑर्डर दिली. तिकडे त्यांनी तिलाच विचारलं. कसं विचारलं ते तिच्या डोक्यावर होतं.

दाणे वाटेच्या भुकेसाठी आहेत, एवढंच मी सांगायचं होतं. तिने ते स्वतः सांगितलं असेलच, शंभर वेळा. पण तिथे तिचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून तर मला फोन लावला. कदाचित तिनेच लावायला सांगितला असेल, भाभी सांगेल म्हणून. मला वाटतं, तिनेच सांगितला. आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याच पायरीवर येऊन बसली, कारण तिला दुसरी पायरी नव्हती. मी छप्पर दिलं नाही, गजरा. मी तिला लपवून ठेवलं, आणि तिने मला लपवून ठेवलं. तिने तुलाही सांगितलं नाही, बेबीबाईलाही नाही. का, ते मला ठाऊक नाही. माझ्यावर माया म्हणून असेल किंवा मी कुठल्याच बोलण्याच्या लायकीची नाही म्हणून असेल. विचारायला अठरा दिवस होते, मी विचारलं नाही.

आता सर्वात कठीण. गिऱ्हाइकं फोनवर रंग आणि मापं सांगतात आणि मग नाकारतात, म्हणून माझ्या मोबाइलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. तो कॉलही झाला. मिनिटभराचा आहे. डोंगरसिंगचा आवाज त्यात आहे, भगताचा आहे, आणखी तिघांना नावाने हाका मारलेल्या आहेत. डोंगरसिंगचा वकील सांगतोय की त्या दिवशी पाड्यावर कुणी जमलंच नव्हतं, कमलीबाई दगडावर पडली. तो खोटं बोलतोय याचा पुरावा जवळजवळ तीन महिने माझ्या पर्समध्ये होता. मी तो पुसला नाही आणि कुणाला दिलाही नाही. मोरीचं दार लावून ऐकायची, रोज.

तुझं पत्र आल्यावर रविवारी मी अभिनंदनना ऐकवलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ऐकून ते म्हणाले, "पुसून टाक."

मी म्हटलं, "त्यात कमलीबाईचा आवाज आहे."

"तुझाही आहे. उद्या हे गावभर होईल. बाबूजींना या वयात दुकानात तोंड दाखवता येईल का? चार दुकानं सोडून कुणी आपल्याकडे येईल का? आणि ती मुलगी तुला देवी मानते, तिला तरी कशाला दुखवतेस?"

तुझंच नाव त्यांनी पुढे केलं. मीही इतके दिवस तेच करत होते, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं.

काल, मंगळवारी, मी अक्कलकुव्याला ठाण्यात जाऊन आले. एकटी जाणार होते, पण बसस्टँडवर बघते तर बेबीबाई लंगडत उभी. मी तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती उठून गेली होती. वाटलं आता येणार नाही. बसमध्येही ती माझ्याशेजारी बसली नाही, पुढच्या बाकावर बसली. पण आली, आणि अठरा दिवसांत आईने तिला जे जे सांगितलं होतं ते तिने जबानीत लिहून दिलं.

साहेबांनी ते रेकॉर्डिंग टेबलावर ठेवून मोठ्याने लावलं. दोन शिपाई, एक बाई हवालदार, दारात उभी असलेली माणसं. माझा आवाज आला तेव्हा सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग कुणीच पाहिलं नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, हे तुमच्याही विरुद्ध जाऊ शकतं, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. दाणे मला माहीत होते, ते काय म्हणून टाकायची तेही माहीत होतं, मी खोटं बोलले, असं सगळं मी माझ्या अक्षरात लिहून खाली सही केली. मोबाइल त्यांनी ठेवून घेतला.

दुपारी पुण्याच्या दुकानाला कळवलं की ऑर्डर पुरी होणार नाही, आणि कारणही कळवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी ताट वाढून समोर ठेवलं आणि आत गेल्या. अभिनंदन दुकानातून आलेच नाहीत. सासरे म्हणाले, "अंगणातून जाताना पदर घेऊन जा, लोक बघतात." एवढंच. पुढे काय होईल ते होवो. कारखाना चालला तर बायकांच्या नावाने चालेल, माझ्या नाही. दातरी मात्र यापुढे कुणी शिवणार नाही. ती तुझ्या घरातली आहे, शिवायची की नाही ते तू ठरव.

मी ठाण्यात जाऊन आले म्हणून मला हलकं वाटतं आहे असं समजू नकोस. आजही दुपारी खिडकीपाशी दोरा तुटला. मी या वेळी उठून गेले नाही, बसून राहिले. तीही राहिली. बहुतेक ती राहणारच, आणि तिने राहावं.

हे पत्र इतकं घाईने लिहिण्याचं कारण एकच. साहेब म्हणाले, आवाज ओळखायला मुलीला बोलावू. पंधरा-वीस दिवसांत तुला निरोप येईल. तिथे टेबलावर ते लावतील, आणि आईचा आवाज तुझ्या कानावर येईल. तो पहिल्यांदा अनोळखी माणसांत, काही माहीत नसताना, तू ऐकू नयेस. माझ्या हातून आता एवढंच होण्यासारखं आहे. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. आत्याला बरोबर घेऊन जा. खुर्चीवर बसून ऐक, उभी राहू नकोस. पन्नास सेकंदांनंतर आई बोलते. ती रडत नाही, गयावया करत नाही. तिचा आवाज खणखणीत आहे. तिला खात्री होती अशा आवाजात ती हाक मारते.

साक्षीदारांत माझं नाव आता पोलिसांनीच घातलं आहे, तुला काही करायचं नाही. कोर्टात मी समोर दिसेन. माझ्याशी बोलायची, नमस्कार करायची, काही म्हणजे काही करायची गरज नाही. आणि कधी ओरडावंसं वाटलं तर भर कोर्टात ओरड, मी मान खाली घालणार नाही, ऐकेन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही.

तुझ्या उत्तरावर ज्या बाईचा काही हक्क नाही, ती

फाल्गुनी